नकाशावरचा निर्धास्त मुलूख

१९९२ च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातल्या किल्लारीला जमिनीतून आवाज यायला लागले. आधी गडगड ऐकू यायची, मग मांडणीवरची भांडी वाजायची, मग भिंतीच्या सांदीतून माती गळायची. ऑगस्ट ते ऑक्टोबर अशा धक्क्यांची रांगच लागली. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांतला सगळ्यांत मोठा, चार रिश्टरच्या आसपासचा. काही घरांच्या भिंती तडकल्या. बायामाणसं लेकरं घेऊन अंगणात, रानात झोपायला लागली. गाव दुसरीकडे हलवावं, असंही बोललं जाऊ लागलं. पुढे थंडी पडली, धक्के विरळ झाले, रब्बीची कामं निघाली आणि लोक पुन्हा घरात झोपायला लागले. वर्ष उलटेपर्यंत त्या आवाजांची सवय झाली होती. ज्या गावाला जमिनीने तीन महिने इशारा दिला, त्या गावात त्या तीन महिन्यांनंतर घरांच्या छपरावरची माती उतरवल्याचं, की भिंतीत एखादा जोड घातल्याचं ऐकिवात नाही. याचा दोष गावकऱ्यांना देता येणार नाही. काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ज्यांनी सांगायचं त्यांच्याकडच्या नकाशात तिथे भूकंपाचा धोका जवळजवळ नव्हता.

तो नकाशा भारतीय मानक ब्यूरोचा. इमारती किती मजबूत बांधायच्या हे ठरवण्यासाठी देशाचे पाच विभाग पाडलेले होते. पाचवा सगळ्यांत धोक्याचा, त्यात ईशान्य भारत, कच्छ आणि हिमालयाचा काही भाग. पहिला सगळ्यांत सुरक्षित. किल्लारी त्या पहिल्या विभागात होती. मराठवाड्याचा बहुतेक भागही असाच निर्धास्त रंगात रंगवलेला. दख्खनचं पठार म्हणजे काळ्या पाषाणाची अखंड शिळा, ती हलायची नाही, हे आमच्या पिढीने शाळेत भूगोलाच्या तासाला ऐकलं आणि परीक्षेत लिहिलं. आमच्या जालन्याच्या माणसाला दुष्काळ माहीत होता, पटकी माहीत होती, कुंडलिकेचा पूर माहीत होता. भूकंप ही आसामची किंवा बिहारची गोष्ट होती. फार तर कोयनेची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, पण त्याचं कारण लोकांनी धरणाच्या पाण्यावर टाकलं आणि बाकीचा महाराष्ट्र पुन्हा निश्चिंत झाला. त्या भूकंपानंतर कोयनेचा पट्टा नकाशात वरच्या विभागात गेला. नकाशा तेव्हाही भूकंपाच्या मागून बदलला होता.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गावोगावचे गणपती त्या दिवशी बोळवले गेले. तेरणेच्या काठच्या गावांत मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या. दहा दिवसांची जागरणं अंगावर होती, लोक थकून आले आणि निजले. पोलीस बंदोबस्त आटोपून परतत होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मुख्य धक्का काही सेकंदांतच ओसरला. तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जपानमध्ये किंवा चिलीत एवढ्या भूकंपाने लोक जागे होतात, काही भिंतींना तडे जातात आणि सकाळी कामं सुरू होतात.

किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, लिंबाळा, तळणी, राजेगाव, पेठसांगवी, एकोंडी, गुबाळ. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं जमीनदोस्त झाली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. इतर काही नोंदींत तो साडेनऊ हजारांच्या पुढे जातो. जखमी सोळा हजारांच्या आसपास. आकडे असे एका ओळीत लिहून होतात म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ही माणसं एका शहरात नव्हती, हजार-दोन हजार किंवा त्याहून मोठ्या वस्तीच्या खेड्यांत विखुरलेली होती. एकेका गल्लीतली सगळी घरं एकदम बसली. पहाटेचा अंधार, तारा तुटलेल्या, धुळीचा लोट इतका की जे बाहेर निघाले त्यांनाही शेजारचं घर कुठे होतं ते समजेना.

मुख्यमंत्री शरद पवार त्या रात्री मुंबईत विसर्जनाच्या बंदोबस्तावर लक्ष ठेवून होते. मुंबईची दंगल आणि मार्चचे बॉम्बस्फोट याच वर्षातले, त्यामुळे शेवटची मिरवणूक पार पडेपर्यंत कुणालाच झोप नव्हती. खिडक्या थरथरल्या तशी आपण कोयनेच्या भूकंपमापन केंद्राकडे चौकशी केली, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. भूकंप म्हटल्यावर राज्याच्या प्रमुखाच्या मनात पहिलं नाव कोयनेचंच यावं, हे साहजिक होतं. केंद्र मात्र लातूरच्या बाजूला निघालं. त्याच सकाळी ते किल्लारीला पोहोचले आणि पुढचे काही दिवस सोलापुरात मुक्काम ठोकून मदतीचं काम हलवत राहिले. लातूरचे जिल्हाधिकारी तेव्हा प्रवीण परदेशी होते.

औरंगाबाद-जालन्यापासून हैदराबादपर्यंत लोकांना हादरा जाणवला. लातूर शहर किल्लारीपासून जेमतेम त्रेचाळीस किलोमीटर, तरी ते जवळजवळ सुखरूप राहिलं. जगाने या भूकंपाला लातूरचं नाव दिलं, पण मोडली ती खेडी. हाच धक्का लातूर शहराच्या पोटाखाली बसला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हा कुणी मोठ्याने विचारला नाही. मढी मोजायची होती, तेव्हा ते समजण्यासारखं आहे. आता तीस वर्षांनी तरी तो विचारायला हवा, आणि फक्त लातूरपुरता नाही.

माणसं कशाने मेली हे समजून घ्यायचं तर त्या मुलखातलं घर आतून बघावं लागतं. मराठवाड्यात ते सगळीकडे थोड्याफार फरकाने तसंच आहे. जुन्या जालन्यात आहे, अंबडला आहे, भोकरदनच्या गल्ल्यांत आहे. भिंती दगडाच्या, दोन-अडीच फूट जाड, वाड्यांच्या तर तीन-चार फूटही. बघणाऱ्याला वाटतं, गढीच आहे, काय पडायची. पण ही भिंत एक नसते, त्या दोन असतात. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा, खडी, माती भरलेली. जोडणी चिखलाची. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड जुना कसबी गवंडी दर काही हातांवर घालायचा. पुढे तसे दगड महागले, घाई वाढली आणि ते घालणं सुटलं. अशी भिंत वरून येणारं वजन पिढ्यान् पिढ्या पेलते. बाजूने हलवली की मात्र दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, पोटातली भरती खाली घसरते आणि दोन्ही बाजू फुगून कोसळतात. एक गल्लीत पडते, एक घरात.

वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर किलचनाच्या पट्ट्या, त्यावर पालापाचोळ्याचा थर आणि त्यावर माती. माळवदासारखं छप्पर या हवेला दुसरं नाही. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी खाली गारवा राहतो, रात्री वर झोपता येतं, कुरड्या-पापड वाळवता येतात. पण दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना मात्र काढायचा नाही, ही रीत. आजोबांची माती, वडिलांची माती, आपली माती, सगळी एकावर एक. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती असेल तर ती साडेचार टनांच्या आसपास भरते. किल्लारीच्या भागात दोन-दोन फूट थर होते. म्हणजे निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर नऊ टन. भिंत सुटली की ते सगळं एका क्षणात खाली. कित्येक जण दगड लागून गेलेच नाहीत. नाकातोंडात माती जाऊन, गुदमरून गेले.

याच गावांत एक दुसरं दृश्यही होतं आणि पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी ते टिपून ठेवलं. ज्या घरांत छपराचं वजन भिंतींवर न टाकता आतल्या लाकडी खांबांवर घेतलेलं होतं, खणाची बांधणी नीट होती, तिथे भिंती पडल्या तरी बऱ्याच ठिकाणी छप्पर खांबांवर उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. शेजारी शेजारी दोन घरं, दगड त्याच खाणीचा, माती त्याच रानातली, एका घरातलं कुटुंब संपलं आणि दुसऱ्यातलं उठून बाहेर आलं. भूकंपाचं म्हणून जे सांगितलं जातं त्यात मला ही नोंद सगळ्यांत महत्त्वाची वाटते. झोपडीत राहणारी, कुडाच्या आणि पत्र्याच्या घरातली गोरगरीब माणसंही त्या पहाटे तुलनेने अधिक वाचली. ज्यांनी दोन पैसे गाठीला बांधून दगडी घर उभं केलं होतं, ती गेली.

पुढचे दिवस फार वाईट होते. प्रेतं इतकी की सरपण पुरेना. पडलेल्या घरांच्याच तुळया, दारं, चौकटी ओढून काढल्या आणि सामुदायिक चिता रचल्या. त्यातच पाऊस आला. सैन्य आलं, स्वयंसेवी संस्था आल्या, डॉक्टरांची पथकं आली. मराठवाड्याच्या गावागावांतून भाकरी बांधून ट्रक निघाले. आमच्याकडेही तेव्हा घरोघरी पिठाचे डबे उघडले गेले, आणि ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना गल्लीच्या तोंडाशी रचलेल्या भाकरींच्या टोपल्या अजून आठवतात. बघ्यांचीही गर्दी उसळली, इतकी की मदतीच्या गाड्या रस्त्यांवर अडकून पडल्या. मंगरूळला ढिगाऱ्याखालून दीड वर्षाची मुलगी कित्येक दिवसांनी जिवंत निघाली, एका लष्करी अधिकाऱ्याने तिला बाहेर काढलं. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं पुण्याला नेली आणि त्यांचं शिक्षण पुरं केलं. ती मुलं आता चाळिशीत आहेत, आपापल्या संसारांत आहेत.

शास्त्रज्ञांपुढचा पेच वेगळा होता. जिथे भूकंप होऊच नये तिथे तो झाला होता. पृथ्वीच्या मोठ्या भूपट्टांच्या कडांवर भूकंप होतात हे समजण्यासारखं. किल्लारी तर भारतीय भूपट्टाच्या मध्यावर. हा भूपट्ट वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. त्या रेट्याचा ताण सगळ्या पठारात साठतो आणि जिथे खोलवर जुनी भेग आहे तिथे कधी तरी सुटतो. किल्लारीला ती भेग बेसॉल्टच्या खाली झाकलेली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल विंधनविहीर घेतली, तेव्हा काळ्या पाषाणाची जाडी ३३८ मीटर निघाली आणि त्याखाली फार प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. शाळेत शिकलेली ती अखंड शिळा म्हणजे वरचं आवरण होतं. तळाच्या भेगा वरून दिसत नव्हत्या. शिवाय भूकंप उथळ, दहा किलोमीटरच्या आतलाच. म्हणून हादरा थोड्या टापूत पण फार जबरदस्त बसला. किल्लारीच्या शिवारात काही ठिकाणी जमीन चिरून फुगून वर आली होती. माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा याच्याशी संबंध आहे का, यावरही बराच वाद झाला. कोयनेत धरण आणि भूकंप यांचं नातं जितकं स्पष्ट आहे, तितकं ते इथे नाही.

पण हा मुलूख खरोखर कधीच हलला नव्हता का? किल्लारीच्या वायव्येला थोड्या अंतरावर तेर आहे. संत गोरोबाकाकांचं तेर, आणि त्याच्याही आधीचं तगर, जिथून सातवाहन काळात भडोचच्या बंदराला माल जायचा. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञ दांपत्याने तिथले मातीचे थर तपासले. दीड-एक हजार वर्षांपूर्वी तिथे मोठा भूकंप झाल्याच्या खुणा त्यांना सापडल्या. म्हणजे धक्का नवा नव्हता, आपली आठवण तोकडी होती. भूकंपांच्या नोंदी आपल्याकडे फार तर दोन-तीनशे वर्षांच्या. भेगेला ताण साठवायला हजार-दीड हजार वर्षं लागत असतील तर दोनशे वर्षांच्या वहीवरून काढलेला नकाशा तिला सुरक्षितच म्हणणार. मराठवाड्याच्या पोटात अशा आणखी भेगा नाहीत, असं आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आहेत, आणि त्या कधी तरी सुटतील, असंही तारखेनिशी सांगू शकत नाही. मे १९९७ मध्ये जबलपूर हादरलं, तेही पठारावरचंच शहर. हाताशी जे उरतं ते एकच, घर कसं बांधायचं.

पुनर्वसनाचं काम जागतिक बँकेच्या कर्जातून निघालं आणि ते देशातलं त्या प्रकारचं पहिलं एवढं मोठं काम होतं. त्याचे दोन चेहरे आहेत. जी बावन्न गावं पुरती गेली त्यांचं नव्या जागी स्थलांतर झालं. सरळ रस्ते, रांगेत घरं, पंचवीस हजारांहून अधिक. घरं मजबूत झाली, यात शंका नाही. पण शेत लांब गेलं, गल्ली गेली, ढेलज गेली, जनावरांचा गोठा कुठे घालायचा हे कुणी विचारलंच नाही. बायांना एकमेकींच्या घरी जायला लांबचे रस्ते ओलांडावे लागले. लोकांच्या मनात दगडाची इतकी धास्ती बसली होती की दगडाचं घर फुकट दिलं तरी नको, सिमेंटचंच हवं. ही धास्ती मी समजू शकतो. तिचा परिणाम मात्र पुढे सगळ्या मराठवाड्यावर झाला. दगड-माती म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे अभय, असं एक समीकरण बसलं, आणि सिमेंटचं घरही वाईट बांधता येतं हे विसरलं गेलं.

दुसरा चेहरा कमी ठाऊक आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. जी घरं पडली नव्हती पण तडकली होती, अशी दोन लाखांच्या आसपास घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. सरकारने पैसे थेट घरमालकाला दिले, अभियंते आणि गवंडी तयार केले आणि गावात समजावून सांगायला संवाद सहायक नेमल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हजाराहून अधिक गावांतल्या महिला मंडळांना या कामात उतरवलं. ज्या बायका तोवर सरकारी माणसापुढे पदर सावरून उंबऱ्याआड उभ्या राहायच्या, त्या सिमेंटच्या गोण्या मोजायला लागल्या, वाळूत माती किती हे मुठीत धरून सांगायला लागल्या आणि हप्त्याचे पैसे दारूत जाऊ नयेत म्हणून नवऱ्याशी भांडायला लागल्या.

काम काय होतं? आधी माळवदावरची जादा माती उतरवायची, पाणी न झिरपण्यापुरता पातळ थर ठेवायचा. मग भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे सुटू बघणारे दोन थर एकमेकांना धरून राहतात. दारं-खिडक्यांच्या डोक्यावर लिंटेलच्या पातळीला सगळ्या घराला काँक्रीटचा किंवा जाळीचा सलग पट्टा फिरवायचा. कोपरे बांधायचे. लाकडी खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके टेकू ठोकायचे. इतकंच. अंबडच्या किंवा घनसावंगीच्या कुठल्याही गवंड्याला दोन दिवसांत शिकता येईल असं. गावांचं स्थलांतर दिसायला मोठं, छायाचित्रात उठून दिसणारं. पण जी घरं उभी आहेत ती पडू नयेत यासाठी जगभर जे करावं लागतं ते आपल्याकडे लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत, बायांच्या देखरेखीखाली, झालं. त्याचं नाव महाराष्ट्राने जपलं नाही.

१९९३ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. भूकंपात काँक्रीटची इमारत कशी लवचीक राहावी याची संहिता भारतीय मानक ब्यूरोने त्याच वर्षी काढली. मातीच्या आणि दगडाच्या साध्या घरांसाठीच्या स्वतंत्र संहिताही त्याच सालच्या. त्यानंतर २००२ मध्ये नकाशा बदलला. पहिला विभागच काढून टाकला गेला, किल्लारीचा टापू तिसऱ्या विभागात गेला. मुंबई आणि पुणेही त्या नकाशात तिसऱ्यात होते. जालना आणि औरंगाबाद दुसऱ्यात राहिले, म्हणजे त्या नकाशावर सगळ्यांत कमी धोक्याचे आम्हीच. आणि काँक्रीटच्या त्या संहितेची २०१६ ची आवृत्ती तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या विभागात सक्तीची आहे, दुसऱ्या विभागात ऐच्छिक. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ च्या आदल्या दिवशी कुठल्या रंगात होती, ते वर आलंच आहे.

भूकंप लांब झाला की आपण सुटलो, ही समजूत भूजने मोडली. २६ जानेवारी २००१ चा तो भूकंप ७.७ तीव्रतेचा, किल्लारीपेक्षा कितीतरी पट मोठा. त्याचं केंद्र अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे होतं, तरी अहमदाबादेत साडेसातशेच्या आसपास माणसं गेली. कोसळल्या त्या बहुतेक काँक्रीटच्या नव्या बहुमजली इमारती, ज्यांच्या तळमजल्यावर गाड्या लावायला नुसते खांब होते आणि वरच्या मजल्यांवर भिंतींचं सगळं वजन. कच्छ आधीपासून पाचव्या विभागात होता. तिथे नकाशा चुकला नव्हता, बांधकाम चुकलं होतं. जालना ते किल्लारी हे अंतर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढे आहे.

आणि भूकंप आता किल्लारीपुरता राहिलेला नाही. परभणी ओलांडली की हिंगोली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात कित्येक वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास कळमनुरी तालुक्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ दहाएक मिनिटांत ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५ चा. नांदेड, परभणीपासून संभाजीनगरपर्यंत (पूर्वीचं औरंगाबाद) लोक घराबाहेर आले. किल्लारीच्या तुलनेत यांची ऊर्जा साडेतीनशे पटींनी कमी. घाबरून जावं असं त्यांत काही नाही. पण मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने जे आवाहन केलं ते फार नेमकं होतं. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असं लोकांना सांगितलं गेलं. तीस वर्षांनंतर का होईना, छपरावरच्या वजनाची गोष्ट सरकारी भाषेत आली.

आता जालन्याचं बघा. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती २ लाख ८५ हजार होती, जिल्ह्याची साडेएकोणीस लाख. २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. समृद्धी महामार्ग आला, ड्रायपोर्टचं काम निघालं, चार-पाच मजल्यांच्या इमारती सर्रास उभ्या राहतात आणि बहुतेकींचा तळमजला गाड्यांसाठी किंवा दुकानांसाठी मोकळा असतो. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई ओढणारे कारखाने दिवसरात्र चालतात, इथली सळई देशभर जाते. एवढी सळई ज्या गावात पिकते तिथे ती कशी बांधायची याची शाळा असायला हवी होती.

एखाद्या चालू बांधकामावर खांबाचा पिंजरा भरण्याआधी जाऊन उभं राहा. उभ्या सळयांना ज्या चौकोनी रिंगा घातलेल्या असतात त्यांच्या टोकांकडे बघा. बहुतेक ठिकाणी टोक काटकोनात वळवून सोडलेलं असतं. इमारत हलते तेव्हा खांबाच्या बाहेरचा सिमेंटचा पापुद्रा आधी सुटतो, मग काटकोनातलं टोक उलगडतं, रिंग उघडते आणि आतलं काँक्रीट वजनाखाली फुटून बाहेर येतं. टोक आणखी वाकवून खांबाच्या पोटात, १३५ अंशांत, शिरवलेलं असेल तर रिंग उघडत नाही. खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी या रिंगा चार-चार इंचांवर हव्यात, आणि खांब-तुळई मिळते त्या सांध्यातही हव्यात, जिथे हात जात नाही म्हणून फिटर त्या सर्रास गाळतो. सगळ्या इमारतीत मिळून सळई थोडी जास्त लागते आणि फिटरला एक दिवस जास्त लागतो. बाकी खर्च नाही. महापालिकेचा अभियंता परवानगीच्या नकाशावर सही करतो, काँक्रीट ओतण्याआधीचा पिंजरा बघायला तो क्वचितच पोहोचतो. दुसरा विभाग असल्याने नियम त्याला तसं करायला भागही पाडत नाही. पण घरमालक स्वतः भागही पाडू शकतो आणि थांबवूही शकतो. पैसे त्याचे आहेत, झोपायचंही त्यालाच आहे त्या छपराखाली.

खेड्यांतली गोष्ट आणखी सोपी आहे. घनसावंगी, परतूर, मंठ्याच्या जुन्या वस्त्यांत माळवदाची घरं अजून आहेत आणि त्यांत म्हातारी माणसं राहतात. तरुण पुण्याला किंवा संभाजीनगरला गेले. त्या माळवदांवरची माती मोजायची आणि जादा उतरवायची एवढं काम एका उन्हाळ्यात ग्रामपंचायती करू शकतात. १९९४ नंतरच्या त्या चार-पाच वर्षांत लातूर-उस्मानाबादच्या गावांत ज्यांनी भिंतींना आरपार भोकं पाडून जोड भरले, लिंटेलचे पट्टे फिरवले, ते गवंडी आता साठीच्या घरात आहेत. ज्या संवाद सहायकांनी त्यांच्यावर देखरेख केली त्यांतल्या कित्येक जणी आज आज्या झाल्या आहेत. त्यांच्यातल्या चार-दोघांना अंबडला, घनसावंगीला बोलवावं, गावातलं एक जुनं घर त्यांच्या हाताने बांधून घ्यावं आणि आमच्या गवंड्यांनी ते शेजारी उभं राहून शिकून घ्यावं.